हरिकेन की डिझेल?

शनिवारी पहाटे पुण्याहून निघालं की पोहे गरम असेपर्यंत राहुरीला घरी पोचतो. आणि पोहे संपले की थेट गोठ्यामागचं शेड. तिथे आजोबांची एफसी-१५० उभी आहे.

नावावरून कुणी ओळखत नाही, म्हणून सांगतो. महिंद्राने विलीजच्या डिझाइनवर बांधलेली जीप पिकअप. हिला बोनेटच नाही! केबिन थेट पुढच्या चाकांवर, आणि इंजिन दोन सीटच्या मधे, लोखंडी झाकणाखाली. आमची १९६८ ची. आजोबांनी हिच्यातून नगरला कांदा नेला, वऱ्हाडं नेली, अडलेल्या बायका रातोरात दवाखान्यात पोचवल्या. गेली वीसेक वर्षं मात्र कोंबड्यांचा मुक्काम.

आता गाडी उभी करायची ठरली, आणि घरात दोन पक्ष पडले.

बाबांचं म्हणणं, डिझेल टाक. महिंद्राने १९७९ मध्ये प्यूजोकडून परवाना घेतलेलं २.१ लिटरचं एक्सडीपी, जुन्या जीपवाल्यांचं लाडकं. कमी पितं, ओझं ओढतं, कुठलाही मिस्त्री उघडतो. "मला रोज चारा आणायचाय. देव्हाऱ्यात ठेवायची नाही ती."

माझं मन मूळ हरिकेनवर. २.२ लिटर पेट्रोल, चार सिलिंडर. इनटेक व्हॉल्व्ह हेडमध्ये, एक्झॉस्ट खाली ब्लॉकमध्ये. असलं आर्किटेक्चर आज कुणी प्रपोज केलं तर रिव्ह्यूत हाकलतील :-)

सवयीने एक्सेल शीट केली. डिझेल जड, आणि ही गाडी आधीच नाकात जड; रिकामा हौदा घेऊन ब्रेक मारला तर मागची चाकं हलकी पडणार. इंजिन बदलायला आरटीओची आधी परवानगी हवी, आणि २०१९ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर मूळ स्पेसिफिकेशनशी खेळणं सोपं राहिलेलं नाही. २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांवरच्या मूळ स्वरूपातल्या गाडीला व्हिंटेज नंबर मिळतो, पण मग ती रोज वापरता येत नाही. म्हणजे चारा बंद. हरिकेनचेही नखरे आहेतच. शिशाचं पेट्रोल २००० साली गेलं, त्यामुळे एक्झॉस्टला कडक सीट बसवायच्या. शिवाय आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल, जुने रबरी पाइप त्यात टिकत नाहीत. गंमत म्हणजे ते इथेनॉल आमच्याच जिल्ह्यातल्या उसाचं असायचं!

शीटमध्ये डिझेल दोन मार्कांनी पुढे होतं. (वजनं बदलून पाहिली. तरीही.)

मग नगरहून चाचा आले. पन्नास वर्षं जीपच उघडतायत. टेप लावून म्हणाले, "बसेल. पण हे झाकण कापून उंच करावं लागेल."

बाबा बराच वेळ बोलले नाहीत. मग पुढे होऊन झाकणावर हात ठेवला. लहानपणी थंडीत नगरला जाताना ते त्याच्यावर बसायचे, आजोबा आणि आजीच्या मधे. ढुंगण भाजायचं म्हणे, पण उठायचे नाहीत.

"झाकण कापायचं नाही," एवढंच म्हणाले आणि धारा काढायला गेले.

असो. ब्लॉक सध्या बोअरिंगला गेलाय. व्हिंटेज नंबर घ्यायचा नाही, हेही ठरलं. आणि हल्ली बुधवारी, मी मीटिंगमध्ये असताना, बाबांचाच फोन येतो: "अरे, ते पाइप मिळाले का?"