आत्याचा श्वास आणि खरे बोलणारे स्पीकर

"सर, आत्या मधे श्वासच घेत नाहीत का?"

माझ्या एका माजी विद्यार्थ्याने हे विचारले. तो भजनी मंडळांची ध्वनिमुद्रणे करून देतो. त्याच्या छोट्याशा खोलीत मी मोठ्या अभिमानाने आत्याच्या जात्यावरच्या ओव्या ऐकवायला नेल्या होत्या. घरी संगणकाच्या स्पीकरवर त्या स्वच्छ आणि भरदार वाटत. त्याच्या मॉनिटरवर पहिल्या दोन ओव्यांतच माझा चेहरा उतरला. 'स' आणि 'श' बोथट झाले होते. ओळीअखेरचा 'गं' विरत न जाता तुटत होता. दोन ओळींच्या मध्ये, जिथे माणूस दम घेतो, तिथे काहीच नव्हते.

दोष माझाच होता. ध्वनिमुद्रण साखर पेठेतल्या आमच्या जुन्या घरी केले होते. भिंतीपलीकडे यंत्रमाग. त्याची खडखड प्रत्येक ध्वनिमुद्रणात उतरलेली. ती मी सॉफ्टवेअरने पुसली. तिच्याबरोबर श्वासही पुसला गेला, हे मला ऐकूच आले नाही. वर जागा वाचवायची म्हणून मूळ फाइली काढून टाकल्या. अकरापैकी नऊ गेल्या, दोन केवळ आळसामुळे वाचल्या. वर्गात पाठभेदांचे महत्त्व सांगणाऱ्या माणसाने मूळ प्रतच नष्ट करावी, याला काय म्हणावे?

हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांच्या प्रयत्नांतून एक लाखाहून अधिक ओव्या संकलित झाल्या, आणि २०१७पासून 'पारी'च्या संकेतस्थळावर त्यांतल्या कितीतरी गाणारणींच्या आवाजासह ऐकता येऊ लागल्या. आपण मात्र ओवी पुस्तकातच वाचत आलो. छापील ओवीला श्वास नसतो, म्हणून त्याची उणीवही जाणवत नाही.

त्या संध्याकाळनंतर मी स्वतःसाठी मॉनिटर शोधू लागलो. घरगुती स्पीकर आणि स्टुडिओ मॉनिटर यांतला फरक थोडक्यात असा : पहिला पुष्कळदा ऐकणाऱ्याला खूश करण्यासाठी खर्ज आणि वरची चकाकी वाढवतो, दुसऱ्याने आपल्याकडून भर न घालता जे आहे ते सांगावे, ही अपेक्षा. या संदर्भात यामाहाच्या एनएस-१० या स्पीकरची कथा बोधप्रद आहे. १९७८ साली तो घरगुती वापरासाठी आला. कानाला तो कर्कश वाटे. तरीही जगभरच्या स्टुडिओंनी तो स्वीकारला, कारण ध्वनिमुद्रणातले दोष तो लपवत नसे. त्याचा तीक्ष्णपणा सुसह्य व्हावा म्हणून ध्वनिमुद्रक ट्विटरवर पातळ टिश्यू पेपर लावत, पण स्पीकर बदलत नसत. २००१ साली त्याचे उत्पादन थांबले.

प्राध्यापकाच्या खिशाला परवडणाऱ्या वर्गात निवड मुख्यतः साडेतीन आणि पाच इंची वूफरमध्ये असते. आठ इंचीचा मोह मी लवकर सोडला. माझी खोली दहा बाय बारा फुटांची. एवढ्या खोलीत साधारण ४७ आणि ५६ हर्ट्झच्या आसपासचा खर्ज भिंतींमध्येच कोंडून कुठे फुगतो, कुठे नाहीसा होतो. तिथे मोठा वूफर गोंधळच वाढवतो. शिवाय स्त्रीच्या आवाजाचा मूळ स्वर बहुधा दीडशे हर्ट्झच्या वरच असतो. म्हणून पाच इंची ठरवला. यामाहाचा एचएस-५ आणि जेबीएलचा ३०५पी यांची हवा जाण्याची भोके मागच्या बाजूला आहेत, त्यामुळे ते भिंतीला चिकटवून ठेवता येत नाहीत. केआरकेच्या रॉकिटला ती पुढे आहेत. जाहिरातीतली किंमत एका नगाची की जोडीची, हेही पाहावे लागते. हेडफोन स्वस्त पडला असता आणि बारीक दोषही त्याने दाखवले असते. पण त्यात आवाज डोक्याच्या आत वाजतो, समोर बसून गाणारी आत्या त्यात दिसत नाही.

पुण्याला जाऊन, वाचलेल्या दोन मूळ फाइलींपैकी एक सगळ्या जोड्यांवर ऐकली. सगळ्यांत कमी गोड वाटली ती जोडी घेतली.

उरलेले काम खोलीचे. दोन स्पीकर आणि माझे डोके यांचा समभुज त्रिकोण, ट्विटर कानांच्या उंचीवर, टेबल भिंतीपासून पुढे. मुलीने बाजूच्या भिंतीवर आरसा सरकवत नेला. माझ्या खुर्चीतून जिथे आरशात स्पीकर दिसला, तिथून आवाज परावर्तित होतो. तिथे सोलापुरी चादरी चौपदरी करून टांगल्या. चादरीने खर्ज आवरत नाही, पण कोरड्या भिंतींचा खणखणाट बराच कमी झाला.

मग ती न पुसलेली फाइल पुन्हा लावली. पहिल्यांदा श्वास ऐकू आला : ओळीआधीचा दीर्घ, आणि मधला चोरटा. मग मागाची खडखड. तिसऱ्यांदा ऐकताना ध्यानात आले की आत्याची ओळ दर वेळी मागाच्या ठोक्यावरच उतरते आहे. चुकून नव्हे, दोन्ही फाइलींत, अखेरपर्यंत.

आत्याला विचारले. आता तिचा दम पुरत नाही, ओवी अर्ध्यावर राहते. ती म्हणाली, "अरे, समोर जातं नव्हतं. हात रिकामे ठेवून ओवी येते होय? मग त्या मागाचीच लय धरली."

ज्याला मी गोंगाट म्हणून नऊ वेळा पुसले, ते तिचे जाते होते.

तो माग आता बंद आहे. दोन फाइलींच्या तीन-तीन प्रती मी तीन ठिकाणी ठेवल्या आहेत. परवा आत्याला खुर्चीत बसवून एक ऐकवली. आपल्या आवाजाविषयी ती काही बोलली नाही. थोडा वेळ ऐकून म्हणाली, "माग जरा मोठा कर की."