तेराव्या क्रमांकाचा संघ

आमच्या घरात एक जुनी वही आहे. तिला खाकी कागदाचे वेष्टन आहे. पहिल्या पानावर अब्बांनी आपल्या वळणदार उर्दू अक्षरांत दोनच शब्द लिहिले आहेत – ‘हमारी टीम’. पुढे प्रत्येक पानावर तारीख, प्रतिस्पर्धी संघाचे नाव आणि गोलांची संख्या. एखादा सामना फारच वाईट झाला असेल, तर त्याच्यापुढे फक्त एक आडवी रेघ.

हा संघ म्हणजे कोलकात्याचा मोहमेडन स्पोर्टिंग क्लब. आम्ही मुंबईत, मदनपुऱ्यात राहणारे. आणि आमचा संघ सुमारे दोन हजार किलोमीटर दूरचा! पुष्कळांना याचे नवल वाटते. पण कारण सोपे आहे. पूर्वी मुंबईच्या कूपरेज मैदानावर रोव्हर्स चषकाची स्पर्धा भरत असे. ही स्पर्धा १८९१ साली सुरू झाली. मोहमेडन स्पोर्टिंगचा जन्मही त्याच सालचा. कोलकात्याचे मोठे संघ या स्पर्धेसाठी मुंबईला येत. मोहमेडनने हा चषक १९४०, १९५६ आणि १९५९ मध्ये जिंकला. पुढे ऐंशीच्या दशकातही जिंकला. अब्बा त्या काळी एका छापखान्यात पुस्तकबांधणीचे काम करत. सामन्याच्या दिवशी ते अर्ध्या दिवसाची रजा घेत आणि मित्रांबरोबर मदनपुऱ्याहून कूपरेजपर्यंत चालत जात. बसचे पैसे वाचले, की तिकिटाला उपयोगी पडत. काळ्या-पांढऱ्या पोशाखातला तो संघ त्यांच्या मनात बसला, तो कायमचा. पुढे रोव्हर्स चषकाची स्पर्धा बंद पडली. अब्बांची वही मात्र बंद पडली नाही.

लहानपणी मी त्यांच्याकडून या संघाच्या गोष्टी ऐकत असे. १९३४ साली मोहमेडनने कोलकात्याची साखळी स्पर्धा जिंकली. ती जिंकणारा हा पहिला भारतीय संघ. तोपर्यंत तिथे इंग्रजांच्या संघांचेच राज्य होते. एवढ्यावर न थांबता मोहमेडनने १९३८ पर्यंत सलग पाच वर्षे ती स्पर्धा जिंकली. १९४० मध्ये दिल्लीला गोऱ्या सैनिकांच्या संघाला हरवून ड्युरँड चषकही मिळवला. या संघातला मोहम्मद सलीम नावाचा खेळाडू १९३६ मध्ये स्कॉटलंडला गेला आणि तिथल्या सेल्टिक या नामांकित क्लबकडून दोन सामने खेळला. तेही बुटांशिवाय, पायांना पट्ट्या बांधून! ही गोष्ट सांगताना अब्बा आपल्या पायांकडे अशा अभिमानाने पाहत, की जणू त्या पट्ट्या त्यांच्याच पायांना होत्या.

मी मोठा झालो, तेव्हा मात्र हे वैभव उरले नव्हते. आमचा संघ मोठ्या स्पर्धांतून मागे पडला होता. कोलकात्याची साखळी १९८१ नंतर त्याने जिंकली, ती थेट २०२१ मध्ये. चाळीस वर्षे! पण मग दिवस पालटले. २०२२ आणि २०२३ मध्येही ती स्पर्धा आमच्याच संघाने जिंकली. ६ एप्रिल २०२४ रोजी शिलाँगला लाजाँग संघाचा २–१ असा पराभव करून मोहमेडनने आय-लीगचे विजेतेपद मिळवले आणि इंडियन सुपर लीग या देशातल्या सर्वांत मोठ्या स्पर्धेत प्रवेश केला. त्या संध्याकाळी अब्बांनी गल्लीतल्या मुलांना जिलेबी वाटली.

त्या वेळी अब्बांची नजर बरीच अधू झाली होती. काचबिंदूमुळे त्यांना दूरदर्शन संचावरचा चेंडू दिसत नसे. म्हणून सामना सुरू झाला, की मी त्यांच्याशेजारी बसून सारे सांगत असे. वहीत लिहिण्याचे कामही माझ्याकडे आले होते.

सुपर लीगमधला आमच्या संघाचा पहिला हंगाम १६ सप्टेंबर २०२४ रोजी सुरू झाला. पहिल्याच सामन्यात नॉर्थईस्ट युनायटेडने भरपाईच्या वेळेत गोल केला आणि आम्ही ०–१ ने हरलो. दुसऱ्या सामन्यात गोव्याविरुद्ध आम्ही पुढे होतो. तिथेही भरपाईच्या वेळेतच गोल झाला आणि बरोबरीवर समाधान मानावे लागले. तिसऱ्या सामन्यात मात्र आम्ही चेन्नईला जाऊन चेन्नईयनला १–० असे हरवले. मिझोरामच्या लालरेमसांगाने तो गोल केला. अब्बा म्हणाले, “बघ, आता गाडी रुळावर आली.”

पण गाडी रुळावर आलीच नाही. ९ नोव्हेंबरचा सामना मी कधी विसरणार नाही. समोर ईस्ट बंगाल होता. अर्धा तास होत आला असताना त्यांच्या दोन खेळाडूंना लागोपाठ लाल कार्ड मिळाले. म्हणजे तासभर अकरा विरुद्ध नऊ असा सामना!

“समोर किती जण आहेत?” अब्बांनी विचारले.

“नऊ.”

थोड्या वेळाने त्यांनी पुन्हा विचारले, “अजून नऊच आहेत ना?”

“हो अब्बा, नऊच.”

“मग गोल का होत नाही?”

मला उत्तर देता आले नाही. सामना ०–० असा संपला. मी रागाने संच बंद केला.

पुढे एकच आनंदाचा दिवस आला. ११ जानेवारी २०२५ रोजी बेंगळुरूच्या मैदानावर सामना संपायला थोडा वेळ उरला असताना उझबेकिस्तानच्या कासिमोव्हने फ्री किकवर सुंदर गोल केला आणि आम्ही जिंकलो. त्याच बेंगळुरू संघाने त्या वर्षी अंतिम फेरी गाठली. पण महिना संपण्याआधीच आमच्या रशियन प्रशिक्षकांनी संघ सोडला. खेळाडूंचे पगार थकल्याच्या बातम्या येऊ लागल्या. हंगाम संपला तेव्हा हिशेब असा होता : सामने २४, विजय २, बरोबरी ७, पराभव १५. एकूण गुण १३. तेरा संघांत आमचा क्रमांक तेरावा. स्वतःच्या मैदानावर तर एकही विजय नाही!

दुसऱ्या दिवशी मी नववीच्या वर्गात गेलो. मला फुटबॉल आवडतो हे मुलांना ठाऊक होते. एकाने मिस्कीलपणे विचारले, “सर, तुमच्या संघाचं काय झालं?” मी हसून म्हणालो, “सोडला तो संघ! शेवटी येणाऱ्याच्या मागे कोण लागतं?” सारा वर्ग हसला.

मग मी मराठीच्या चाचणीचे पेपर वाटू लागलो. शेवटच्या बाकावरच्या एका मुलाला वीसपैकी चार गुण मिळाले होते. वर्गात सर्वांत कमी त्याचेच. त्याने पेपर घेतला, घडी करून खिशात ठेवला आणि अगदी हळू आवाजात विचारले, “सर, शेवटी येणाऱ्याला सोडूनच द्यायचं असतं का?”

त्याच्या आवाजात उद्धटपणा नव्हता. म्हणूनच तो प्रश्न मला अधिक लागला. खरे सांगायचे तर त्या मुलाला मी मनातून केव्हाच सोडून दिले होते. वर्षभरात मी त्याला किती वेळा प्रश्न विचारला होता? मला आठवेना. वर्ग पुढे न्यायचा, तर हुशार मुलांकडे पाहून शिकवायचे, अशी सवय मला लागली होती.

घरी आलो तेव्हा अब्बा वाट पाहत होते. “वही काढ,” ते म्हणाले. “शेवटचं पान लिहायचं आहे.”

प्रत्येक हंगामाच्या शेवटी अब्बा एका पानाचे तीन भाग करत. पहिल्यात काय चुकले, दुसऱ्यात काय चांगले झाले आणि तिसऱ्यात पुढे काय करायला हवे. मी म्हणालो, “अब्बा, या वर्षी काय लिहायचं? नुसती एक आडवी रेघ ओढू या.”

“रेघ एका सामन्याला ओढतात. वर्षाला नाही,” ते म्हणाले. “लिही.”

मी लिहायला बसलो. चुका पुष्कळ होत्या, पण नीट पाहिले तर त्या वेगवेगळ्या होत्या. चोवीस सामन्यांत आमचे गोल अवघे बारा, म्हणजे दोन सामन्यांत मिळून एक. आघाडीची फळी दुबळी होती. हंगामाच्या सुरुवातीलाच शेवटच्या मिनिटांत गोल खाऊन आम्ही गुण घालवले. म्हणजे नव्वद मिनिटे पुरेल एवढा दम आणि एवढे लक्ष नव्हते. आणि ज्या घरात पगाराची काळजी आहे, त्या घरातला माणूस मैदानावर मोकळ्या मनाने कसा धावेल?

“आता चांगलं काय ते लिही,” अब्बा म्हणाले.

मी थांबलो. मग आठवू लागले. सात बरोबरी. म्हणजे सात वेळा समोरच्या संघाला आम्ही जिंकू दिले नव्हते. दोन्ही विजय परक्या मैदानावरचे. चेन्नईला गोल करणारा मिझोरामचा, बेंगळुरूला गोल करणारा उझबेकिस्तानचा. पोशाख मात्र एकच, काळा आणि पांढरा. हे सारे त्या हंगामातच घडले होते, पण तेराव्या क्रमांकाच्या रागात मला ते दिसले नव्हते.

तिसऱ्या भागावरून आमचा वाद झाला. अब्बांचे मत असे, की परदेशातून एक जबरदस्त गोल करणारा खेळाडू आणावा. सगळे ठीक होईल. मला ते पटले नाही. मी म्हणालो, “एक माणूस गोल करील, पण शेवटच्या पाच मिनिटांत बचाव कोण करील? आधी पगार वेळेवर द्यावेत. प्रशिक्षकाला दोन-तीन वर्षे निवांत काम करू द्यावे. आणि आपल्याच गल्ल्यांतली पंधरा-सोळा वर्षांची मुले निवडून त्यांना घडवावे. फळ लगेच मिळणार नाही. पण जे मिळेल ते टिकेल.”

अब्बा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “१९३४ चा संघ का जिंकला, माहीत आहे? तेव्हा आपले खेळाडू अनवाणी खेळत. पाऊस पडला, की मैदान निसरडे होई आणि बूट घातलेले गोरे जिंकत. मग आपल्या खेळाडूंनी ओल्या मैदानासाठी बूट घालून खेळण्याचा सराव केला. आधी अडखळले असतील, पडलेही असतील. पण कुठे घसरतो ते त्यांनी आधी पाहिले.” मग हसून म्हणाले, “तुझंच लिही. पण खाली माझा खेळाडूही लिहून ठेव.”

त्या रात्री मी वही मिटली, तरी डोळ्यांसमोर घडी घातलेला पेपर येत राहिला.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मी त्या मुलाला बोलावले. एक कोरा कागद घेतला आणि त्याचे तीन भाग केले. त्याने खिशातून पेपर काढला. आम्ही दोघांनी मिळून तो वाचला. ‘माझा शाळा’सारख्या चुका जागोजागी होत्या. उर्दू बोलणाऱ्या पुष्कळ मुलांच्या होतात, तशाच. ‘ळ’ च्या जागी ‘ल’ होता. शेवटचा प्रश्न तर त्याने सोडवलाच नव्हता.

“हा का सोडला?” मी विचारले.

“तोपर्यंत वाटलं, आता काय उपयोग?”

मला भरपाईच्या वेळेतले ते गोल आठवले.

मग मी दुसऱ्या भागात काय लिहायचे ते शोधू लागलो. पत्रलेखनात त्याने आईला लिहिलेले चार ओळींचे पत्र होते. त्यात तीन चुका होत्या; पण ते त्याचे स्वतःचे होते, पाठ केलेले नव्हते. असे पत्र वर्गात दुसऱ्या कोणी लिहिले नव्हते. आदल्या दिवशी तपासताना मी त्या तीन चुकांखाली लाल रेघा ओढल्या होत्या, आणि पत्र वाचलेच नव्हते!

तिसऱ्या भागात आम्ही एवढेच लिहिले : रोज पाच वाक्ये, आणि कोणताही प्रश्न न सोडता शेवटची घंटा होईपर्यंत लिहायचे. तो रोज मधल्या सुट्टीत वाक्ये दाखवायला येऊ लागला. पुढच्या चाचणीत त्याला नऊ गुण मिळाले. वर्गात तो अजूनही खालीच होता. पण शेवटचा प्रश्न त्याने लिहिला होता. पेपर घेताना त्याने विचारले, “सर, तुमचा संघ खरंच सोडलात?”

“नाही,” मी म्हणालो.

मुलांनो, आमच्या संघाचे पुढे काय होईल, ते मला सांगता येणार नाही. चांगल्या व्यवस्थेशिवाय आणि वर्षानुवर्षांच्या सरावाशिवाय नुसत्या जुन्या नावावर कोणताही संघ जिंकत नाही, हे माझे मत कायम आहे. संघावर प्रेम आहे म्हणून त्याच्या चुका झाकाव्यात, असेही मला वाटत नाही. पण चुका मोजायला बसलो, की पानाचा दुसरा भाग कोरा सोडायचा नाही, एवढे मी शिकलो.

अब्बांना आता वही वाचता येत नाही. तरी ती उशाशीच असते. सामन्याचा दिवस आला, की ते ती माझ्या हातात देतात आणि विचारतात, “तारीख लिहिलीस?”