स्वच्छ फोटोतला दुखरा हात

1895 च्या डिसेंबरात राँटगेनने आपल्या पत्नीच्या हाताचा क्ष-किरण फोटो घेतला. त्यात बोटांची हाडे दिसतात, अंगठी दिसते. तो हात दुखत होता की नाही, हे मात्र त्यावरून सांगता येत नाही. वर्गात हा फोटो मी वर्षानुवर्षे दाखवत आलो. त्याची ही दुसरी बाजू ध्यानात आली ती माझ्या वहिनींमुळे.

श्रावणात कासाराने नेहमीसारखा हात दाबून बांगडी चढवली आणि वहिनी कळवळल्या. सकाळी पोलक्याच्या गुंड्या लागत नसत. विळीवर बसायचे तर तासभर बोटे मोकळी व्हायची वाट पाहावी लागे. एक्स-रे काढला. "हाडे उत्तम आहेत," म्हणून डॉक्टरांनी परत पाठवले. फोटो स्वच्छ निघाला आणि घरात त्यांच्या दुखण्याची पतच गेली. "भावजी, मी काय सोंग करते होय?" त्यांनी मला विचारले. या प्रश्नानेच मला वाचायला बसवले.

संधिवात हा शब्द आपल्याकडे मराठी घरात आणि कन्नड घरात एकच. त्यातला ऱ्हुमॅटॉइड हा प्रकार हाडात सुरू होत नाही. सांध्याच्या आतल्या नाजूक अस्तराला सूज येते, तिथे सुरू होतो. हाड कुरतडलेले एक्स-रेत दिसेपर्यंत बराच काळ गेलेला असतो, आणि ते पुन्हा पहिल्यासारखे होत नाही.

मॉलिक्युलर इमेजिंग नेमके इथे उपयोगी पडते. हे आकाराचे चित्र नव्हे, चाललेल्या कामाचे चित्र. सुजेतल्या पेशी साखर जास्त खातात; म्हणून साखरेसारख्या रेणूला किरणोत्सारी फ्लोरीन-18 जोडून तो शिरेतून देतात. पेट स्कॅनमध्ये सुजलेला सांधा उजळतो. फ्लोरीनचा जोर 110 मिनिटांत निम्मा होतो. ॲम्स्टरडॅमच्या संशोधकांनी साखरेऐवजी सुजेत जमणाऱ्या भक्षक पेशींना चिकटणारा रेणू वापरला. 2012 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात सांधे दुखणारे, रक्तात प्रतिपिंडे असलेले, पण सूज न दिसणारे 29 रुग्ण होते. चौघांचे सांधे स्कॅनमध्ये उजळले, आणि सहा महिन्यांत त्या चौघांनाही संधिवात झाला. पुढे आणखी पाच जणांना झाला, ज्यांचे स्कॅन कोरे होते! म्हणजे हेही यंत्र सर्वज्ञ नाही.

शिवाय ते खर्चिक. किरणोत्सार आला, आणि संधिवातासाठी अजून मुख्यतः संशोधनातच वापरतात. आपल्या जिल्ह्यातल्या माणसाने त्यासाठी अडून बसू नये. वहिनींचे निदान दुसऱ्या डॉक्टरांनी अँटी-सीसीपी ही रक्ततपासणी आणि सांध्यांची डॉपलर सोनोग्राफी यांवर केले. पडद्यावर बोटांच्या सांध्यांशी लाल ठिपके लुकलुकत होते. डॉक्टरांनी ते बोट ठेवून दाखवले, तेव्हा वहिनी माझ्याकडे नव्हे, दादाकडे पाहत होत्या.

आता मेथोट्रेक्सेट चालू आहे. गोळ्या आठवड्यातून एकदाच, रोज नव्हे. दादा दर रविवारी कॅलेंडरवर खूण करतो.