हौदातली माती

वळवाची एक सर येऊन गेली होती आणि गल्लीच्या तोंडाशी मातीनं भरलेली ट्रॉली उभी होती. तालमीतला हौद रिकामा करून तिथं मॅट टाकणार, हे भावानं आधी फोनवर सांगितलं होतं. तेव्हा मला विशेष काही वाटलं नव्हतं. ट्रॉलीपाशी आले आणि वास आला. ताकाचा आंबूसपणा, हळद, कापूर आणि त्याखाली वर्षानुवर्षं मुरलेलं तेल आणि घाम. आजूबाजूची माणसं पिशव्या भरभरून माती नेत होती. कुणाला तुळशीत घालायची होती, कुणाला देव्हाऱ्यात ठेवायची होती. एक म्हातारे पैलवान ट्रॉलीच्या फाळक्याला धरून उभे होते. ते कुणाशीच बोलत नव्हते.

त्या वासाबरोबर मला दरवेळी एकच गोष्ट आठवते, तळहातावरचं ढेकूळ.

दादाचा खुराक पोचवणं हे लहानपणी माझं काम. आजी रात्री बदाम भिजत घालायची. पहाटे ते मी सोलायचे आणि ती खसखस, बडीशेप, मिऱ्यांबरोबर कुंडीत घोटायची. सोलता सोलता एखादा तोंडात टाकला की हातावर चापट बसायची. "त्याला मेहनत करायची असती गं." मग गंगावेशीतल्या कट्ट्यावरून आणलेलं म्हशीचं दूध त्यात पडायचं आणि किटली घेऊन मी तालमीच्या उंबऱ्यापर्यंत जायचे. आत मारुती, त्याच्या पलीकडे हौद. मुलींनी उंबरा ओलांडायचा नाही, हे मला कुणी सांगितल्याचं आठवत नाही. ते माहीतच होतं.

किटली घ्यायला वस्ताद स्वतः दारात यायचे. दोन्ही कान मोडलेले, आवाज खर्जातला. एका पहाटे त्यांनी किटली आत ठेवली आणि हौदातून मूठभर माती आणून माझ्या तळहातावर ठेवली. "वास घे बघू. ताक हाय त्यात. हळद, लिंबू, तेल, कापूर. रोज खणायची, रोज सारखी करायची. मऊ ऱ्हायली तर पोरांची हाडं वाचत्यात." ढेकूळ दमट होतं. एका बाजूला हळदीचा पिवळा ठिपका होता. मूठ मिटली की ते बोटांचा आकार धरायचं आणि मूठ उघडली तरी तसंच राहायचं.

वस्तादांना गल्लीतल्या प्रत्येक पोराचं पोट ठाऊक होतं, असं मी म्हणते ते शब्दशः. जोर मारताना कोण लवकर धापा टाकतो यावरून रात्री कोण जागलं ते त्यांना कळायचं. एखाद्याच्या घरात दूध बंद झालं की त्याच्या बैठका ढिल्या पडायच्या, आणि मग त्याचा पेला तालमीतच भरला जायचा, त्याची वाच्यता न होता. तंबाखूची पुडी सापडली तर ती बापाला सांगितली जात नसे. पोराला एकट्याला हौद खणायला लावत. कोल्हापुरात तालीम म्हणजे नुसती कुस्ती कधीच नव्हती. इथले फुटबॉलचे संघसुद्धा तालमींचे, पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा. पेठेतल्या पोरांची तब्येत हा सगळ्या पेठेचा मामला असायचा. व्यायामाचं ॲप रोज किती पावलं झाली ते सांगतं, पण आज का आला नाहीस म्हणून घरी येऊन दार वाजवत नाही. वस्ताद वाजवायचे. हे मी फार मोठं समजते.

आता मॅटविषयी. मॅटला नावं ठेवणाऱ्यांत मी नाही, आणि त्याला खाशाबा जाधव कारण आहेत. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात शिकले, मातीत तयार झाले आणि १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकला गेले. मॅटवर ते तिथंच पहिल्यांदा लढले. फ्लायवेट गटात सहावे आले. त्यानंतर १९५२ च्या हेलसिंकीसाठी पैसे जमेनात, तेव्हा प्राचार्य खर्डेकरांनी आपलं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी बँटमवेटमध्ये ब्राँझ आणलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. घर गहाण ठेवणारा प्राचार्य मला पदकाइतकाच मोठा वाटतो. एका पोराच्या ताकदीची काळजी साऱ्या गावानं वाहायची, ही तालमीचीच रीत.

पण त्या गावात मी किटली घेऊन उंबऱ्याबाहेर उभी होते, हेही तितकंच खरं.

ते ढेकूळ मी घरी आणलं आणि न्हाणीच्या खिडकीत ठेवलं. वाळलं की पाणी शिंपडायचे. आजीला दिसल्यावर तिनं ते परड्यात फेकलं आणि मला हात धुवायला लावले. रागावली नाही. "आपल्याला काय करायची ती?" एवढंच म्हणाली.

हमीदा बानूविषयी मी फार उशिरा वाचलं. ती उत्तर प्रदेशातली पैलवान. मला कुस्तीत हरवील त्याच्याशी लग्न करीन, असं आव्हान तिनं १९५४ साली दिलं होतं. त्याच वर्षी मे महिन्यात बडोद्यात तिनं बाबा पहलवानला १ मिनिट ३४ सेकंदांत चीत केलं. पुण्यात रामचंद्र साळुंखेंबरोबर ठरलेली तिची कुस्ती मात्र कुस्तीच्या संघटनेनं हरकत घेतल्यामुळे झालीच नाही. आमची आजी तेव्हा ऐन तिशीत असणार. तिच्या कानावर हे नाव गेलं असेल का? गेलं असतं तर ती काय म्हणाली असती? माझ्याकडे उत्तर नाही, आणि ती जिवंत असताना हे विचारायचं मला सुचलं नाही.

आमच्याकडे बायकांच्या व्यायामाचं उत्तर तयार असायचं: घरकामात होतो की. हे वाक्य मी आयुष्यभर ऐकत आले आणि प्रत्येक वेळी मला त्याचा संताप येतो. पाणी भरणं, वाकून केर काढणं, उकिडवं बसून भांडी घासणं, यांत अंग झिजतं. दादाचं अंग कमावलं जायचं ते वेगळ्या हिशोबानं. आज इतक्या बैठका तर उद्या एक जास्त, मग खुराक, मग विश्रांती, आणि चुकलं तर दुरुस्त करायला वस्ताद. भार बेतानं वाढत गेला तर स्नायू आणि हाडं बळकट होतात. तोच भार रोज तसाच, विश्रांतीशिवाय आणि अर्धपोटी उचलला तर कंबर जाते. आमच्या घरातल्या बायकांचं बळ दिसायचं ते गौरी-पंचमीच्या झिम्मा-फुगडीत. तेवढ्या रात्री आई अशी गरगर फिरायची की समोरची बाई घाबरायची. मग वर्षभर पुन्हा ओटा.

महाराष्ट्र केसरी १९६१ साली सुरू झाली. महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी २०२३ साली सांगलीत झाली आणि सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीनं ती गदा उचलली. मधली वर्षं वाचकांनी मोजावीत. आमच्या तालमीत मॅट येणार म्हणजे मुलींचा वर्गही सुरू होणार, असं दादा म्हणतो. दादाची नात पहिल्या दिवसापासून जायची आहे. तिच्यासाठी बदाम भिजत घालायला दादा स्वतः उठतो. म्हणून त्या ट्रॉलीपाशी मला रडू आलं तरी ती थांबवावी असं वाटलं नाही. माती मऊ होती आणि वस्तादांनी ती मला प्रेमानं हातात दिली होती. तरी ती माझ्यासाठी नव्हती.

आई गेल्या पावसाळ्यात न्हाणीत घसरली. खुबा मोडला. शस्त्रक्रिया झाली. पाळी गेल्यानंतर बायकांची हाडं झपाट्यानं ठिसूळ होतात, हे डॉक्टरांनी समजावून सांगितलं. आधीच्या एवढ्या वर्षांत ते कुणी सांगितलं नव्हतं. घरी फिजिओथेरपीला एक तरुण मुलगी येऊ लागली. काही आठवड्यांनी तिनं आईला खुर्चीवरून हात न टेकता उठायला आणि हळूहळू बसायला शिकवायला घेतलं. आई दोनदा उठली, बसली आणि म्हणाली, "ही तर बैठक. छाती पुढं, उठताना श्वास सोडायचा. व्हय न्हवं?"

मुलगी चकित झाली. मीही. आईनं शाळेत कधी कवायतसुद्धा केली नव्हती.

मग कळलं. आमच्या माडीवरची स्वयंपाकघराची खिडकी तालमीच्या मागच्या अंगणात उघडते. पोरं तिथं मोकळ्यावर जोर-बैठका काढायची आणि वस्ताद चुका ओरडून सांगायचे. भाकरी थापता थापता आईनं ते सगळं वर्षानुवर्षं ऐकलं होतं. कुणाचा गुडघा आत वळतो, कोण खोटे जोर मारतो, कोणाची पाठ पोकळ पडते, तिला अजून नावानिशी आठवतं. दादाविषयी तर तिनं परवा सांगितलं की त्याचे सपाटे कधीच पुरे नसायचे, अर्ध्यातच उठायचा. दादा सत्तरीला आलाय. त्याला ते लागलं.

"तू करून बघितल्यास कधी?" मी विचारलं.

"दार लावून," आई म्हणाली. "तुम्ही शाळेत गेल्यावर. पण चुकलं तर सांगणार कोण?"

आता सांगणारी आहे. रोज सकाळी अकराला ती येते, आई पदर खोचून खुर्चीसमोर तयार असते. तिला खुर्ची बाजूला काढून पूर्ण बैठक मारायची आहे. मुलगी म्हणते, आजी, अजून महिनाभर नाही. यावरून दोघींचं रोज वाजतं, आणि आईचं म्हणणं असं की वस्ताद असते तर एव्हाना त्यांनी खुर्ची काढायला लावली असती.