'जात होतो' आणि 'जायचो'



इंग्रजीच्या वह्या तपासताना सर्वांत जास्त लाल शाई कोठे लागते, असे कोणी विचारले तर मी सांगेन, भूतकाळात. त्यातही पूर्वी नेहमी घडणाऱ्या गोष्टी सांगताना. इंदूरच्या मराठी मुलांना इंग्रजी शिकवताना बरीच वर्षे गेली. मुले बदलली, पुस्तके बदलली, पण एक वाक्य मात्र दरवर्षी भेटते : 'आय वॉज गोइंग टू माय अंकल्स हाउस एव्हरी समर.'

हे वाक्य येते कोठून? आपण म्हणतो, "मी दर उन्हाळ्यात मामाकडे जात होतो." आणि असेही म्हणतो, "मी मामाकडे जात होतो, तेवढ्यात पाऊस आला." मराठीत दोन्हीकडे 'जात होतो' चालून जाते. इंग्रजीत तसे चालत नाही. 'वॉज गोइंग' म्हणजे त्या वेळी मी वाटेत होतो, जाणे चालू होते. पावसाचे वाक्य या घरातले. दर उन्हाळ्याच्या वाक्याला 'यूज्ड टू गो' हवे.

हा भेद काही परका नाही. शाळेबाहेर आपण हिंदी बोलतोच. तिथे 'जा रहा था' आणि 'जाता था' यांत कोणाचीही गफलत होत नाही. मराठीत तर सवय सांगायला तीन रूपे आहेत : जायचो, जात असे आणि जाई. शेवटच्या दोहोंना व्याकरणात रीतिभूतकाळ म्हणतात. तेव्हा सोपी युक्ती अशी : वाक्यात 'जायचो' बसते का ते पाहा. बसले तर 'यूज्ड टू' लिहा.

आजी जुन्या आठवणी सांगते तेव्हा कान देऊन ऐका. "आई पहाटे उठे, अंगणात सडा घाली, मग आम्हाला हाक मारी." काळ एकदा ठरला की इंग्रजी माणूस असेच 'वुड' वापरतो : 'शी वुड गेट अप अर्ली.' मात्र 'वुड' कृतीसाठी, स्थितीसाठी नाही. "वाड्यासमोर पूर्वी पिंपळ होता" याचे इंग्रजी 'देअर यूज्ड टू बी' असेच होईल, 'देअर वुड बी' नव्हे.

दुसरे पथ्य मोजणीचे. होळकर संघाने १९४५-४६ ते १९५२-५३ या काळात रणजी करंडक ४ वेळा जिंकला. अहिल्याबाईंनी १७६७ ते १७९५ अशी २८ वर्षे राज्य केले. किती वेळा, किती वर्षे हे सांगितले की 'यूज्ड टू' नको. साधे 'वन' आणि 'रूल्ड' पुरे.

आणि तिसरे : 'आय यूज्ड टू गेट अप अर्ली' म्हणजे पूर्वी लवकर उठायचो. 'आय अ‍ॅम यूज्ड टू गेटिंग अप अर्ली' म्हणजे लवकर उठण्याची मला सवय आहे. एका 'अ‍ॅम'ने केवढा फरक पडतो पाहा!

'यूज्ड टू'च्या पोटात बहुतेक वेळा एक न बोललेला शब्द असतो : 'आता नाही'. मागे सहावीतल्या एका मुलीने आजीवर निबंध लिहिला. त्यात वाक्य होते, 'शी यूज्ड टू टेल मी स्टोरीज.' व्याकरण अचूक. पण तिच्या आजी चांगल्या ठणठणीत आहेत हे मला ठाऊक होते. मी म्हटले, "अगं, मग 'टेल्स' लिही ना." ती जरा थांबली आणि म्हणाली, "नाही सर, हेच बरोबर आहे. मी क्लासहून येते तेव्हा आजी झोपलेली असते."

मी ते वाक्य तसेच ठेवले. त्यात दुरुस्त करण्याजोगे काही असेल तर ते वहीत नव्हते.

पालकांना म्हणूनच एक विनंती. मुलांचे इंग्रजी सुधारावे ही आपली इच्छा योग्यच आहे. परंतु 'उठे, घाली, मारी' ही मराठी आपल्या गावात बाजारात ऐकू येत नाही, रस्त्यावर येत नाही. ती घरातल्या वडीलधाऱ्यांच्या तोंडी आहे. मुलांना त्यांच्याजवळ बसायला वेळच उरला नाही, तर ही रूपे फक्त व्याकरणाच्या पुस्तकात राहतील. आणि ज्याला घरी हा काळ कानावर पडला नाही, त्याला इंग्रजीतलाही तो पाठच करावा लागेल.

मुलांनो, येत्या सुटीत एवढे करा. रोज संध्याकाळी आजी-आजोबांना एकच प्रश्न विचारा : "तुम्ही माझ्याएवढे होता तेव्हा काय करायचात?" ते सांगतील त्यातली पाच वाक्ये आधी त्यांच्याच शब्दांत मराठीत लिहा, मग इंग्रजीत. आजी-आजोबा जवळ नसतील तर फोनवर विचारा. सुटीनंतर वह्या मला दाखवा. 'यूज्ड टू' चुकले तर मी सांगेन. पण आजीच्या गोष्टींचे वाक्य शक्य तितके दिवस वर्तमानकाळात ठेवणे तुमच्याच हाती आहे.