सायकलीची पूजा

खंडेनवमीला सायकलीला झेंडूची माळ घालणारी आणि हँडलला लिंबू-मिरची बांधणारी माणसे तुम्ही पाहिली असतील. लिंबू-मिरचीने अपघात टळत नाही. तरीही महाराष्ट्रात २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा झाला, तेव्हा आई शांतपणे म्हणाली, "तो नरबळी देणाऱ्यांसाठी आहे, माझ्या लिंबासाठी नव्हे." कायद्याच्या दृष्टीने तिचे खरेच होते!

करणी-भानामतीचा धंदा भीतीवर चालतो. आईच्या पूजेत मात्र मला वेगळेच दिसे. लिंबू बांधता बांधता ती ब्रेकची तार ओढून पाही. चाक पुसताना टायरात रुतलेली काच तिच्या बोटांना नेमकी लागे. मी लिंबू सोडले, बोटांचा तो शोध ठेवला. रोज पहाटे निघण्यापूर्वी टायर अंगठ्याने चेपतो, दोन्ही ब्रेक दाबतो, डोळे मिटून एक दीर्घ श्वास घेतो आणि मगच पायडलवर पाय ठेवतो. शेजारी याला मंत्रतंत्र म्हणतात, म्हणोत बापडे.

गेल्या पावसाळ्यात अशाच एका पहाटे मागचा ब्रेक दाबला, तर मूठ थेट हँडलला टेकली. तार आत तुटली होती. गावाबाहेरचा उतार त्या दिवशी मी सायकल हाती धरून, पायीच उतरलो.