डोणीतलं ऊन

परसातल्या दगडी डोणीवर ऊन यायला साडेआठ-नऊ वाजतात. आधी फणसाचा शेंडा, मग गोठ्याची कौलं आणि सगळ्यात शेवटी पाणी. तळ्यातून आणून सोडलेली हायड्रिला तोवर नुसती हिरवी, गप्प असते. ऊन तिच्या झुबक्यात शिरलं, की तुटक्या देठाच्या टोकाशी टाचणीच्या माथ्याएवढा बुडबुडा फुगतो, जरासा डुलतो आणि सुटतो. मागोमाग दुसरा, मग तिसरा. मग माळच लागते. ढग आला की माळ विरळ होते आणि ढग सरला की पुन्हा धरते. घरच्यांना वाटतं, मी मासे बघत बसलोय.

हाच खेळ 1779च्या उन्हाळ्यात इंग्लंडमध्ये यान इंगेनहाउझ हा डच वैद्य बघत होता. पाण्यात बुडवलेल्या पानांवर उन्हात बुडबुडे धरत, सावलीत थांबत. ही करामत उन्हाच्या उबेची नसून उजेडाची आहे, हे त्याने ओळखलं. शाळेत आपण केलेला प्रयोग त्याच वंशातला: चंचुपात्र, पालथं नरसाळं, त्यावर पालथी परीक्षानळी आणि पाण्यात चिमूटभर खायचा सोडा. दिवा दुप्पट लांब नेला की उजेड निम्मा नव्हे, पाव होतो, आणि बुडबुडेही मंदावतात. सोडा कशाला, हे मात्र आम्हाला कुणी धड सांगितलं नाही. खरी गंमत तर त्या चिमटीतच होती.

कारण दिवा जवळ आणत गेलं की बुडबुडे वाढतात, पण एका हद्दीपर्यंतच. पुढे उजेड कितीही ओता, वेग तिथेच अडतो. पंगतीत वाढपी दुप्पट केले, पण भातच शिजला नसेल तर पानं रिकामीच राहायची. केंब्रिजच्या फ्रेडरिक ब्लॅकमनने 1905 साली हे नेमकं मांडलं: ज्या गोष्टीचा तुटवडा सर्वांत जास्त, तीच वेग ठरवते. पाण्यात हा तुटवडा बहुधा कार्बन डायऑक्साइडचा असतो. हवेत हा वायू झरझर पसरतो, पाण्यात त्याच्या सुमारे दहा हजारपट सावकाश. म्हणून तो चिमूटभर सोडा.

दाट वाढलेल्या डबक्यात टळटळीत दुपारी हे फार जाणवतं. सकाळपासून झाडांनी विरघळलेला वायू ओढून संपवलेला असतो, पाणी अल्कधर्मी होत जातं, ऑक्सिजन नको इतका साठतो. वर ऊन मी म्हणत असतं आणि खाली कच्चा माल नाही! हायड्रिला अशा वेळी हार मानत नाही. ती पाण्यातलं बायकार्बोनेट वापरू लागते, आणि ऊस-ज्वारी ज्या वाटेने कार्बन पकडतात तीच वाट धरते. उसाला त्यासाठी दोन तऱ्हेच्या पेशी लागतात, हिचं एकीत भागतं. उन्हाळ्यातली हायड्रिला हिवाळ्यातल्यापेक्षा वेगळी वागते, तिच्यात मॅलिक आम्ल साठतं, हे जगदीशचंद्र बोस यांच्या कधीच ध्यानात आलं होतं. सुटणाऱ्या बुडबुड्यांची नोंद आपोआप उमटवणारं यंत्र त्यांनी बनवलं, आणि 1924 साली त्यावरचं पुस्तकही आलं. यंत्राचं मला कौतुक आहेच, पण त्याहून जास्त कौतुक आहे ऋतूगणिक पालटणारं झाड बघायच्या त्यांच्या चिकाटीचं.

कमी उजेडाचीही हिला सवय आहे. भर उन्हाच्या एक टक्क्याहूनही कमी प्रकाशात तिचा जमाखर्च जुळतो. म्हणजे फणसाआड सूर्य असतानाच डोणीत काम सुरू झालेलं असतं. फक्त तो ऑक्सिजन पाण्यात विरघळतो, देठातल्या पोकळ्यांत भरतो, डोळ्यांना दिसत नाही. बुडबुडा ही उशिरा आलेली बातमी.

एवढ्या काटकसरी झाडालाही जलपर्णी पुरून उरते. पुण्याच्या नदीवर तिचा हिरवागार गालिचा पाहून परगावचा पाहुणा हरखतो. पण ती उजेड वरच्यावर खाऊन टाकते, स्वतःचा ऑक्सिजन हवेत सोडते आणि खालच्या पाण्याला अंधार देते. त्या हिरवाईला निसर्ग म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

आणि रात्री तर सगळीच झाडं घेणेकरी. प्रकाश नसला तरी श्वसन थांबत नाही. पाण्यातलं शेवाळ, झाडं, मासे, गाळातले जिवाणू, सगळे दिवसा साठलेल्या ऑक्सिजनवर जगतात. साठा तळाला जातो तो पहाटे. आदला दिवस ढगाळ गेला असेल, तर मुळात जमाच कमी. म्हणून शेततळ्यात मासे पाळणारा माणूस दिवसभर आभाळ भरलेलं असलं की रात्री निवांत झोपत नाही. मासे वर येऊन तोंडं वासू लागले तर उशीर झालेला असतो, म्हणून तो त्याआधीच, अंधारात उठून, पाणी घुसळायचं यंत्र चालू करतो.